चंपा आणि भुऱ्यामधली फरशी

चंपा आणि भुऱ्या या माकडांची अफू बंद झाली त्या सकाळपासून त्यांचा पिंजरा लांबायला लागला. रुंदी होती तेवढीच राहिली. एका टोकाला चंपा, दुसऱ्या टोकाला भुऱ्या, आणि मधली फरशी वाढत चालली. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या डॉक्टर इंद्रायणी शेडगे यांनी मागची भिंत पाडून घेतली आणि पिंजऱ्याला वाट करून दिली.

निवाऱ्यात आणलेली ही माकडं खेळवाल्या रुस्तुमचाचांची. खेळात बिथरू नयेत म्हणून चाचा त्यांना गुळातून अफू द्यायचे. आधी मोहरीएवढी पुरायची, मग ज्वारीएवढी, शेवटी वाटाणाही कमी पडायला लागला. पण ती पोटात गेली की दोघं एकमेकांना बिलगून उवा काढत बसायची. आता एकाची सावली अंगावर पडली तरी दुसरं किंचाळायचं, आणि किंचाळलं की फरशी वाढायची. भुऱ्या ठिपक्याएवढा दिसू लागला, तशी चंपाने केळ्याला तोंड लावणं सोडलं.

चाचा भेटायला आले ते मुठीत गोळी घेऊनच.

"डॉक्टरबाई, एवढी द्या. लगेच जवळ येतील."

"येतील. आणि उद्या?"

"उद्याही एवढीच."

"आणि परवा?"

चाचांनी मूठ आवळली. "माझी लेकरं आहेत हो ती."

"मग चला, हिला त्याच्यापर्यंत पोचवू या," म्हणत इंद्रायणीने दार उघडलं आणि चंपाला कडेवर घेतलं. चंपा तिच्या मनगटाला कडकडून चावली. इंद्रायणीने तिला सोडलं नाही.

तिघं पिंजऱ्याच्या आतूनच निघाली. गजांबाहेर निवारा संपला, उसाचे फड आले, एक ओढा आला. चंपा थरथरत होती, नाक गळत होतं, सारख्या जांभया येत होत्या. प्रत्येक जांभईसरशी भुऱ्या आणखी लांब जायचा. चालून चालून चाचा दमले. ते टेकले, मूठ उघडून गोळीचा वास घेतला आणि ती गजांबाहेर ओढ्यात टाकून दिली. चंपाने असा टाहो फोडला की फरशी डोळ्यांदेखत टेकडीपलीकडे गेली.

"रड, बेटा," चाचा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "पोटभर रड."

ती रडून थकली. मग कुणी न सांगता इंद्रायणीचे केस चाळायला लागली. एकेक बट बाजूला करून नीट बघू लागली. इंद्रायणी चालत राहिली, कारण आता पाऊल टाकलं की अंतर खरंच कमी होत होतं.

टेकडी उतरल्यावर भुऱ्या दिसला. पाठ करून, केस पिंजारून बसला होता. अजून दहा हात होते, तेवढ्यात इंद्रायणीची पावलं जागच्या जागी पडू लागली, अंतर सरेना.

"भुऱ्या, अरे, बघ तरी कोण आलंय!" चाचांनी हाक मारली.

त्याचा फक्त कान हलला.

चंपा कडेवरून उतरली, फरशीवर बसली आणि तिने हात पुढे केला. फरशी आता स्वस्थ होती. चंपाचा हात मात्र कोपरापासून हळूहळू भुऱ्याकडे लांबायला लागला.