किडनीशेजारचं पाणी

डॉक्टरबाईंनी दादाच्या पोटात सुई घातली आणि नळीतून फिकट पिवळं पाणी बाटलीत उतरू लागलं. बहीण डोळे विस्फारून बघत राहिली. अर्धी बाटली भरली तरी पाणी थांबेना.

दोन महिन्यांपूर्वी तिने आपली किडनी दादाला दिली होती. काल त्याचा पाय सुजला आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, दुप्पट निघालं. दिली ती दिली, तीही नासकी, असं ती रडत वहिनीला म्हणाली होती.

तासाभराने त्या पाण्याची तपासणी होऊन आली.

"लघवी नाही, लसिका आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अंगात पाझरलेलं पाणी रक्तात परत नेणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. ऑपरेशनमध्ये त्यातल्या काही कापल्या जातात. त्या गळत राहिल्या, पाणी साठलं आणि लघवीची नळी दाबली गेली. किडनी चांगली दिसतेय. बाकीचे रिपोर्ट उद्या."

"ऐकलंत?" वहिनी नवऱ्याला म्हणाली. "माझ्या नणंदेचा माल अस्सल आहे!"

सगळे हसले. बहिणीला तर हसता हसता रडूच फुटलं.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. शरीराने परकी किडनी मारू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी त्याचे हात असे कापू लागले, की चिमट्यात स्क्रू ठरेना. हात थोडे कापणारच, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. दुकान बंद पडलं आणि दादा घरात गुमसुम बसून राहू लागला. गेल्याच आठवड्यात त्याने दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा सर्वात जास्त आनंद बहिणीलाच झाला होता.

आता वहिनीने काठोकाठ भरलेला चहाचा कप पुढे केला. दादाने तो बशीसकट एका हाताने घेतला. बशी वाजली नाही. चहाचा थेंबही सांडला नाही.

बहिणीची नजर त्या स्थिर हातावर खिळली.

"दादा, तुझा हात कधीपासून कापत नाही?"

"बरंच झालं की!" वहिनी म्हणाली.

दादाने कप हळूच खाली ठेवला. बहिणीकडे त्याने पाहिलंच नाही.

"दुकान उघडायच्या आदल्या दिवसापासून."

वहिनी एकदा त्याच्याकडे, एकदा नणंदेकडे बघत राहिली. बहिणीचा हात स्वतःच्या कुशीतल्या टाक्यांच्या व्रणावर गेला आणि तिथेच राहिला.