मिग्दालियाच्या चपलेचा पट्टा

मी एक जुना हातमोजा आहे, गाईच्या कातड्याचा, पाच बोटांच्या जागी एकच रुंद पंजा असलेला. मित्रांनो, बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याचे कौतुक होते, मारणाऱ्याचे होते. मागे उकिडवे बसून झेलणाऱ्याकडे कोण पाहतो? पण माझ्याजवळ एक गुण होता. चेंडू माझ्या तळव्यात शिरला, की असा 'ठाण' आवाज उठे, की शेवटच्या बाकावरचा शेंगदाणेवालाही मान वळवी.

माझा मालक आमाउरी हा बोका ब्लांका गावाच्या 'माचेतेरोस' संघाचा झेलणारा. सामन्याचे शेवटचे डाव टाकण्याचे काम चाळिशीच्या सिल्व्हेरिओकडे असे. त्याचा वेग ओसरला होता. पण माझा आवाज ऐकला, की त्याला वाटे, हात अजून जिवंत आहे. तो त्याचा शेवटचा हंगाम होता, आणि आमच्या गावाने सव्वीस वर्षे विजेतेपद पाहिले नव्हते.

सुरुवातीचे सातही सामने आम्ही हरलो. तेव्हा मी फळीवर पडून होतो. आमाउरीने नवा मोजा घेतला होता. आठव्या सामन्याला वैतागून त्याने मला ओढून काढले, आणि आम्ही जिंकलो! मग पुन्हा जिंकलो! लगेच फर्मान निघाले: आता काहीही बदलायचे नाही. टोप्या धुतल्या गेल्या नाहीत, दाढ्या वाढल्या. संघाचे कपडे आणि चामडे सांभाळणारी मिग्दालिया कातडे मऊ ठेवणाऱ्या चरबीची डबी घेऊन आली, तर आमाउरीने मला पाठीमागे लपवले.

"मावशी, हात नको लावू हं! नशीब पुसून जाईल."

"नशीब कुठलं रे मेल्या? घामाचा थर आहे तो. वाद्या बघ, सुकून काटक्या झाल्यात."

"जिंकल्यावर लाव. हवं तर माझ्या डोक्यालाही लाव."

"तिथे कशाला वाया घालवू? आत काहीच नाही."

अकरा आठवडे ती डबी तिच्या एप्रनच्या खिशातच राहिली. आम्ही मात्र एकेक संघ मागे टाकत थेट राजधानीत, अंतिम फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात पोहोचलो! ढोल, शिंगे, आरडाओरडा. माझे टाकेसुद्धा थरथरत होते. आठव्या डावात आम्ही एका धावेने पुढे. सिल्व्हेरिओने चेंडू टाकला, आणि माझी वादी तुटली. चेंडू अंगठ्याजवळच्या जाळीतून आरपार गेला. तिसऱ्या तळावरचा त्यांचा धावपटू घरच्या तळावर पोहोचला. बरोबरी!

आमाउरीने नवा मोजा चढवला. त्यात चेंडू 'फस' करून बसे.

"हे काय रे? उशीत टाकतोय का मी?" सिल्व्हेरिओ ओरडला. त्याचा धीर सुटला. चार-चार चेंडू बाहेर टाकून त्याने लागोपाठ दोन फलंदाज फुकट पहिल्या तळावर सोडले. पुढचा फटका आमच्या गड्याने स्वतः कुंपणावर आदळत झेलला, म्हणून तो डाव कसाबसा संपला.

आता फलंदाजी आमची होती. मिग्दालियाने मला मांडीवर घेतले. तिच्याजवळ चामडे शिवायची आरी होती, वादी नव्हती. तिने पायातली एक चप्पल काढली, तिचा पट्टा उभा चिरला आणि माझ्यात ओवू लागली. आमाउरी समोर उभा होता.

"मावशी..." तो खालच्या आवाजात म्हणाला, "चरबीपण लाव."

"आणि नशीब?"

"ते मीच सुकवलं गं."

तिने खिशातली डबी उघडली. तिचा अंगठा माझ्या भेगांतून फिरला, आणि बाहेर आमच्या संघाची एक धाव झाली!

शेवटचा डाव. मी हातावर परतलो. पहिलाच चेंडू: ठाण! सिल्व्हेरिओ दाढीतून हसला. ठाण! पुन्हा ठाण! एक बाद. एक उंच झेल, दुसरा बाद. शेवटच्या फलंदाजाने दोनदा हवेत बॅट फिरवली; तिसऱ्यांदा हुकला, की बाद. सिल्व्हेरिओने उरलेली सगळी ताकद तिसऱ्या चेंडूत ओतली. ठाण!

पुढे काय झाले ते मला दिसले नाही. माझ्यावर अख्खा संघ कोसळला होता. फटीतून एवढेच दिसले, की मिग्दालिया एका पायात चप्पल घालून नाचत होती.

आज मी संघाच्या कार्यालयात काचेच्या पेटीत आहे. 'हात लावू नये' अशी पाटी आहे, आणि माझ्या वाद्या आठवड्याभरात पुन्हा सुकू लागतात. मित्रांनो, ज्या वस्तूने तुम्हाला यश दिले, तिची पूजा करू नका. तिला हात लावा, पुसा, वापरा. काचेपुढे हात जोडणारे पुष्कळ येतात. डबी घेऊन काच उघडायला मात्र दर शुक्रवारी एकटीच येते. तिच्या एका चपलेचा पट्टा नवा आहे.