धाकट्याचा शर्ट

अगं, तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने पुढचं सांगवणार नाही.

आपली ती चौकशीवाली पोरगी आहे ना, दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते ती, तिला धर्म या विषयात एमए करायचं होतं. धार्मिक वगैरे व्हायचं नव्हतं गं. माणसं देव का धरतात, का सोडतात, ते तिला शिकायचं होतं. तिचा मामा तर टिंगल करायला टपलेलाच असायचा. "शिकून करणार काय? देवाच्या ऑफिसात क्लार्कची भरती आहे का?" ही हसायची. पण गेल्या वर्षी अर्ज परत आला तेव्हा आठवडाभर धड जेवली नाही. विद्यापीठवाले म्हणे, सगळं पुस्तकी लिहिलंय, तुमचं स्वतःचं काय?

यंदा गाडी मुलाखतीपर्यंत गेली. विद्यापीठ लांब, म्हणून मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर. आता घर म्हणजे काय, दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे आईचं शिलाई मशीन. लोकांचे कपडे शिवून तिने हिला शिकवलंय.

ही म्हणाली, "आई, तेवढा वेळ मशीन बंद ठेवशील? आवाज जातो गं."

"ठेवते की. शिंकसुद्धा देणार नाही, बस."

आणि इथेच घोळ झाला बघ. मशीन चालू असलं की पडद्याआडचं आईला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हिला जन्मापासून तीच सवय. स्वतःच मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं, तरी तिकडून आवाज नाही म्हणजे आई घरात नाही, असंच हिच्या डोक्याने धरलं.

सुरुवातीला हिने तेच पाठ केलेलं सांगितलं. समोरचे सर जांभया दाबत होते. मग त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "पुस्तक मिटा आता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी उपासना सांगा."

हिला वाटलं, ही जागा पण जाणार. आणि मग बोलायला लागली ती थांबेचना.

"माझा धाकटा भाऊ तापात गेला. तेव्हापासून आईने देवाचं नाव टाकलं. पण रोज काम आटोपलं की ती त्याचा एक शर्ट काढते. बगलेखालची शिवण उसवते आणि हाताने परत शिवते. मी अभ्यासात आहे असं तिला वाटतं. कापड विरलंय, टाका धरत नाही, मग ती थोडं आत सरकून शिवते. शर्ट लहान लहान होत चाललाय. आणि शिवताना ती त्याला हळूच विचारते, 'घट्ट होतोय का रे तुला?'"

बाईंनी चष्मा काढला. "हाच तुमचा विषय. आई बोलतील आमच्याशी? शर्टाचे फोटो मिळतील?"

"हो, मिळतील की!" म्हणाली ही. आनंदात माणसाच्या जिभेला हाड राहत नाही गं.

कॉम्प्युटर बंद केला, उड्या मारत पडदा सारला, तर आई मशीनसमोर बसलेली. दोन्ही हात मांडीवर. सगळं ऐकलं होतं तिने.

"झालं का?" आई म्हणाली. "चालू करू मशीन?"

एवढंच. बोल लावला नाही, रडली नाही. पण त्या संध्याकाळी शर्ट काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी हिनेच विषय काढला, "आई, तो शर्ट..."

"राहू दे गं. हातात घेतला की वाटतं, कुणीतरी बघतंय."

"रागावलीस?"

"रागवायचं काय त्यात? ते माझं आणि त्याचं होतं. आता चार माणसांचं झालं."

मग एक दिवस त्या बाईंचा फोन. ही दवाखान्यात, समोर गाल धरून पेशंट उभा. "अभिनंदन, जागा तुमची. विषय मात्र तोच हं. मी स्वतः येईन आईंना भेटायला."

हिने डोळे मिटले आणि म्हणाली, "बाई, ते खरं नव्हतं. मी रचून सांगितलं."

"मुलाखतीत खोटं बोललात?"

"हो."

"मग पुन्हा आमच्याकडे अर्ज करू नका." फोन बंद. हिने पेशंटला नंबर दिला, तोही चुकीचा.

हिला वाटलं, निदान आईचं आईला परत मिळेल. घरी येऊन इतकंच म्हणाली, "नाही झालं, आई." खरं सांगावं, तर आई जन्मभर मनाला लावून घेणार, की माझ्यापायी पोरीची जागा गेली. म्हणून हिने ते पोटातच ठेवलं.

आईने हातातलं कापड बाजूला ठेवलं. हिच्याजवळ येऊन बसली. अगदी बारीक आवाजात विचारलं, "एवढं माझं सगळं सांगितलंस, तरी नाही घेतलं?"

तू तिच्या जागी असतीस तर काय सांगितलं असतंस गं?