चेटकिणीच्या वकिलाची दौत

मित्रांनो, मी कथलाची जुनी दौत. इंग्लंडातल्या हॅल्सबी गावी अँब्रोझ पेंटलो नावाच्या वकिलाच्या मेजावर माझे आयुष्य गेले. त्याची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हते; पण घर पक्षकारांनी गजबजलेले असे. येणारेजाणारे मलाही कौतुकाने न्याहाळत.

मग टॅम्झिन नावाच्या म्हाताऱ्या विधवेवर बालंट आले. हिने चेटूक करून गिरणीवाल्याच्या गाई मारल्या, असे सारे गाव म्हणू लागले. प्रकरण फाशीपर्यंत आले. त्या काळी अशा खटल्यात आरोपीला वकील मिळत नसे. म्हणून माझा धनी साक्षीदार होऊन उभा राहिला. गाईंनी कब्रस्तानातल्या विषारी झाडाचा पाला खाल्ला, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. टॅम्झिन सुटली.

गावाने मात्र त्याला सोडले नाही. "आला बघा चेटकिणीचा जावई!" लोक रस्त्यात ओरडत. पक्षकार येईनासे झाले. टॅम्झिन एकदा सफरचंदे घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "वकीलसाहेब, आता मी येत नाही. माझ्यापायी तुमचं आणखी वाटोळं नको."

तेव्हापासून धनी आपली जीवनकथा लिहू लागला. लिहिलेले मोठ्याने वाची. ऐकायला मी एकटी. गमतीची जागा आली की तो थांबे, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाही.

एकदा त्याचा बालमित्र, पाद्री हंफ्री आला. कागद चाळून म्हणाला, "अरे, त्या म्हातारीचं तेवढं गाळ. गाव विसरेल सगळं."

"गाव विसरेल, म्हणूनच तर लिहितोय."

"मग बस एकटाच!" हंफ्रीने टोपी उचलली. तो पुन्हा आला नाही.

धन्याने लेखणी माझ्यात बुडवली. मग त्याने ते पान पुरे केले.

पुढच्या वसंतात तो गेला. शाई माझ्यातच वाळली. घर त्याच्या पुतण्याकडे गेले, आणि त्याने मला तबेल्यात टाकले. आता माझ्यात गंजके खिळे आहेत. त्या कागदांचे काय झाले, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवा, असे मी म्हणत नाही. पण कोणी एकटे माणूस जुने काही सांगू लागले, तर उठून जाऊ नका. "मग पुढे काय झालं?" एवढे विचारा. माझ्या धन्याला ते कोणी विचारले नाही, आणि मला बोलता येत नव्हते.