कधीपासून?

थोरली लेक इस्पितळात डॉक्टरांच्या नोंदी वाचून रुग्णांच्या फायलींवर आजाराचे सांकेतिक क्रमांक घालायची. एखाद्या डॉक्टरने नुसतं ‘विसरतात’ असं लिहिलं, की तिचं डोकं फिरायचं. "कधीपासून, ते घरच्यांना विचारायला काय झालं होतं?" म्हणत ती फाईल परत धाडायची.

आज ती आईला घेऊन डॉक्टरांसमोर बसली होती.

"यांचं विसरणं कधीपासून सुरू झालं?"

आई तेच तेच विचारून भंडावते, म्हणून तिने आईचे फोन उचलणंच सोडलं होतं.

आईने कौतुकाने तिचा हात थोपटला.

"सांग ना गं. डॉक्टर, हिला सगळं माहीत आहे. रोज फोनवर बोलतो आम्ही, अगदी पोटभर."