तळाची गुलाबी खडी

माझ्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे हलत होते आणि माझे दीर धाकट्या खाडीत पाटी टाकायला निघाले होते.

पाटी म्हणजे लोखंडी दातांचं मोठं घमेलं. होडीमागे साखळीनं ओढलं की समुद्राच्या तळाची खडी खरवडून वर येई. चिखलात बरबटलेली ती खडी आम्ही अंगणात पसरायचो. उन्हात पांढरीफटक पडली की दळून शेतांना खत म्हणून विकायची. त्याआधी तिच्याकडे कुणी बघतही नसे. मोठ्या खाडीतली खडी अशीच संपली. तिच्यामागोमाग तिथले शिंपले गेले, मासेही गेले.

उरली धाकटी खाडी. तिथे माझी नणंद बुडी मारून शिंपले काढायची. नवऱ्याच्या माघारी तेवढ्यावरच तिचं पोट होतं.

"दादा, तिथं पाटी टाकलीस तर मी खायचं काय? तुझं डोकं?"

"दगडांचा एवढा पुळका? घाल मग त्यांनाही पाळण्यात!"

"आधी बघ, मग बोल." तिनं काचेच्या बुडाचा डबा त्यांच्या हातात कोंबला.

तिघं होडीत बसून धाकट्या खाडीत गेलो. वल्ही मी मारत होते. दिरांनी डबा पाण्यावर दाबला आणि आत तोंड घातलं. बराच वेळ झाला, तरी मान वर येईना.

"भावजी, झोप लागली का?"

"वहिनी, हे गुलाबी आहे."

मग मी पाहिलं. आम्ही अंगणात वाळवायचो तीच खडी, पण जिवंत. आल्याच्या कुड्यांसारख्या वेड्यावाकड्या फांद्या, गुलाबी, जांभळ्या, एकमेकींत गुंतून गादीसारख्या पसरलेल्या. फटीफटीत नखाएवढे शिंपले, काचेसारखी माशांची पिल्लं, चाचपडत निघालेला एक खेकडा. ऊन खाली उतरलं आणि निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा सगळा तळ उजळला. माझे हात वल्ह्यांवरच राहिले.

नणंदेनं बुडी मारून एक गड्डा वर आणला. त्याच्या एका शेंड्याला जाळ्याचा निळा दोरा होता.

"आई गेली त्या वर्षी मी बांधलेला. तुला तेव्हा मिशीसुद्धा नव्हती."

दोऱ्याच्या पुढे फांदी तांदळाच्या दाण्याएवढी वाढली होती. तेवढीच.

"म्हणजे हे वाढतं?" दिरांनी विचारलं. "मग एवढी गादी व्हायला..."

"तेव्हा आपलं गावही नसेल, दादा."

"आणि मी न्याहारीच्या आधी होडीभर उपसायचो. मोठ्या खाडीत परत येईल ना ही?"

"येईल की. तू थांब तिथं वाट बघत."

दिरांनी गड्डा टाकला नाही. होडीबाहेर वाकून, खांद्यापर्यंत हात बुडवून हलकेच सोडला.

पाटी त्यांनी पुन्हा पाण्यात घातली नाही. होड्या दुरुस्त करायचं काम धरलं. त्यात भागत नसे. जाऊबाई नणंदेशी वर्षभर बोलल्या नाहीत. दुसरे पाटीवाले आले की दीर आपली होडी खाडीच्या तोंडाशी आडवी लावून बसत. शिव्या खात, पण हलत नसत. तिथं आजही शिंपले मिळतात.

नणंद तीन वर्षांपूर्वी वारली. दीर गेल्या जानेवारीत गेले.