कातड्याशिवाय पुस्तक कसलं?

मी सतरा नंबरचा ई-रीडर बोलतोय. कुमासी शहरापासून तासाभरावरच्या एका गावात शाळा आहे, तिथल्या मुख्याध्यापिका पोकुआ मॅडमच्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. नंबर पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलाय, पण त्या नंबराने मला गावात कुणी ओळखत नाही. सगळे 'कातडंवाला' म्हणतात, आणि या नावाचा मला अभिमान आहे.

आम्ही तीस भावंडं एकाच खोक्यातून आलो. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते याच कपाटात. खालच्या खणात छापील पुस्तकं होती. एकाची पाठ निघालेली, दुसऱ्याला वाळवीने मधूनच पोखरलेलं. माझ्या पोटात बाराशे पुस्तकं, त्यामुळे मी त्यांच्याकडे जरा वरूनच पाहायचो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला माज होता.

डिसेंबरच्या सुट्टीत फ्रेमा नावाच्या मुलीने मला घरी नेलं. नववीतली, हुशार, पण त्या दिवसांत गप्प गप्प असायची. तिची आजी अग्येइवा नुकतीच वारली होती. घरी आजोबा होते, नाना ड्वोमो. चपला शिवणं हा त्यांचा धंदा; नजर अधू झाली तरी हात अंदाजाने चालायचे.

"नाना, हे बघा पुस्तक," म्हणत फ्रेमाने मला पुढे धरलं.

नानांनी मला उलटंपालटं केलं, वास घेतला. "न्वोमा म्हणजे काय गं?"

"पुस्तक."

"आणखी?"

"कातडं."

आमच्या भाषेत दोन्हींना शब्द एकच आहे.

"मग याचं कातडं कुठाय? सोलून आणलंस होय घरी?"

मला फार लागलं ते. पण नानांचं मन तेव्हा थाऱ्यावर नव्हतं, हे मला दोनच दिवसांत कळलं.

माणूस गेलं की आमच्याकडे त्याच्यावर पुस्तिका छापतात. फोटो, जन्मापासूनची हकिगत, घरच्यांचे निरोपाचे शब्द. नवऱ्याचा निरोप नवऱ्यानेच चर्चमध्ये उभं राहून वाचायचा. फ्रेमाचे येबोआ मामा गुरुवारी कुमासीहून पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन आले. कागद गुळगुळीत, फोटो चाळीस. फोटोंना जागा व्हावी म्हणून अक्षरं मात्र मुंग्यांएवढी केलेली. नानांनी पुस्तिका लांब धरली, जवळ धरली, अंगणातल्या उन्हात नेली. मग मिटून मांडीवर ठेवली.

"मी वाचतो ना, बाबा. त्यात काय एवढं?" मामा म्हणाले.

"बायको कुणाची होती?" नाना म्हणाले. "सेहेचाळीस वर्षं जेवायला फुफू कुणासाठी कुटलं तिने?"

"मीही खाल्लंच की ते."

"मग तू मुलाचं वाच. नवऱ्याचं नवराच वाचेल."

मामा उठून गेल्यावर नाना हळूच फ्रेमाला म्हणाले, "पोरी, परवा सगळ्या गावासमोर मी मुका ठरणार. तिला दोन शब्दसुद्धा देता यायचे नाहीत मला."

फ्रेमाने मला उचललं आणि तडक पोकुआ मॅडमचं घर गाठलं. मॅडमनी नानांचा मजकूर मामांकडून मागवून माझ्यात भरला. परत आल्यावर फ्रेमाने मला नानांसमोर धरलं आणि अक्षर मोठं केलं. आणखी मोठं. ओळीत चारच शब्द मावतील एवढं.

"अग्येइवा," नानांनी वाचलं आणि थांबले. तीन वर्षांत त्यांनी आपल्या डोळ्यांनी वाचलेला तो पहिला शब्द होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो बाराशे पुस्तकं पोटात आली तेव्हाही झाला नव्हता.

थोड्या वेळाने डोळे पुसून नाना म्हणाले, "पण असा नागडा घेऊन मी चर्चमध्ये जाणार नाही." शुक्रवारी दिवसभर बसून त्यांनी चपलांच्या तपकिरी कातड्याचं वेष्टण मला शिवलं. चारी बाजूंनी बोटभर रुंद काठ सोडला. टाका इतका घट्ट, की अजून एक उसवलेला नाही.

शनिवारी चर्च शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांनी भरून गेलं होतं. नाना उभे राहिले. घरी मला फ्रेमाने धरलं होतं. इथे त्यांनी मला डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवलं. जुन्या शाळेतली सवय. बोट सरकलं नाही की मास्तरांची छडी बसायची. कागद बोटाला काही म्हणत नाही. मी मात्र बोट लागलं की पान पलटायचा हुकूम समजतो. फ्रेमाच्या हे लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

"लग्नाच्या दिवशी तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं," नानांनी वाचलं, बोट सरकलं, पानं पलटली, "आणि डॉक्टरांनी हात टेकले."

 मग मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "इतका का वाईट दिसायचास रे, ड्वोमो?"

सगळं चर्च हसलं. नाना हसले नाहीत. सेहेचाळीस वर्षं कुठे गेली ते त्यांना सापडत नव्हतं. छापील पुस्तकांचा मला पहिल्यांदा हेवा वाटला. गडबड मी केली होती आणि शरम त्यांना वाटत होती.

फ्रेमा बायकांच्या बाकावरून उठून आली. तिने पानं मागे घेतली आणि नानांचं बोट धरून माझ्या काठावर टेकवलं.

"नाना, बोट कातड्यावर ठेवा. कातडं पलटत नाही."

नाना आपणच शिवलेल्या काठावरून ओळीओळीने बोट खाली नेत गेले आणि शेवटपर्यंत वाचत राहिले. लग्न, मुलं, भांडणं, तिचं दवाखान्यातलं आजारपण. "अग्येइवा, नीट झोप," हे शेवटचे शब्दही त्यांनी स्पष्ट वाचले. रडलो ते आम्ही बाकीचे.

ती पुस्तिका आता नानांच्या भिंतीवर आहे, अग्येइवाचा फोटो वर करून. मला तिचा चेहरा करड्या रंगातच दाखवता आला असता, तेव्हा तो मान कागदाचाच. मी शाळेत परतलो. मॅडमनी कातडं काढू दिलं नाही. निरोपाचे कार्यक्रम शनिवारीच होतात, त्यामुळे हल्ली शनिवार आला की गावातले म्हातारे मला मागायला येतात. कुणाला बहिणीचं वाचायचं असतं, कुणाला मित्राचं. काठावर बोट ठेवायचं हे आता सगळ्यांना पाठ झालंय.

गेल्या आठवड्यात नाना आले आणि फ्रेमासमोर बसले.

"माझा निरोप तू वाचायचा. आत्ताच लिही, म्हणजे खोटं असेल ते मला खोडता येईल."

तिने नाही नाही म्हणत लिहिलं आणि मॅडमकडून माझ्यात भरून घेतलं. त्यांनी काठावर बोट ठेवून वाचलं. "'स्वभावाने शांत'? हे काढ. गाव हसेल." बाकी सगळं पसंत पडलं. फ्रेमा स्वतःला सोयीचं पडेल म्हणून अक्षर लहान करायला लागली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"मोठंच राहू दे. त्या दिवशी तुझे डोळे भरलेले असतील, बारीक दिसायचं नाही तुला."

ती पानं माझ्या पोटात जपून आहेत. मॅडम, सुट्टीत आम्हा यंत्रांची पोटं रिकामी कराल तेव्हा तेवढी राहू द्या. आणि नाना, तुम्ही सावकाश चला. मला कसलीही घाई नाही.